आपणसाहेब

आमच्या साहेबांना ‘मी’ म्हणता येत नसे. जिभेत काही दोष नव्हता. आवाज खणखणीत होता, बोइसरमधल्या कुठल्याही मंडळाच्या गणपतीत माइक शेवटी त्यांच्याच हातात जायचा. पण तोंडातून निघायचं ते ‘आपण’. आपण ठरवू, आपण करू, आपण दाखवून देऊ. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात ते प्लँट हेड होते. मी तिथली प्रयोगशाळा सांभाळत होते, अजूनही सांभाळते. सगळे त्यांना आपणसाहेब म्हणायचे, बरेच जण प्रेमाने. मी प्रेमाने म्हणत नसे, हे आधीच सांगून टाकते.

या ‘आपण’चा अर्थ नव्या माणसाला आठवड्याभरात कळायचा. ‘आपण रविवारी टाकी धुऊन घेऊ या’ म्हणजे टाकी तुम्ही धुवायची. ‘आपण आज जरा थांबू या’ म्हणजे तुम्ही थांबायचं. साहेबांची गाडी वेळेवर गेटबाहेर. पॅकिंगमधल्या एका बिहारी कामगाराने मला हे फार नेमकं सांगितलं होतं, “मैडम, साहब का ‘अपन’ मतलब हम सब, साहब को छोड़के।” एवढं सांगून तो गोण्या उचलायला गेला.

खाण्यातही तेच. आमच्या स्टोअरला मंगलाताई आहेत, त्यांच्या माहेरची मासेमारीची बोट आहे. साहेब एकदा त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, “मंगलाताई, आपण चिंबोऱ्यांचा झकास बेत करू या.” मंगलाताईंनी पहाटे उठून चिंबोऱ्या साफ केल्या, कालवण केलं, मोठा डबा भरून आणला. तो डबा हेड ऑफिसच्या पाहुण्यांपुढे गेला. पाहुण्यांनी साहेबांच्या आदरातिथ्याचं कौतुक केलं. “त्यांचा ‘आपण’ जेवला,” मंगलाताई दुपारी मला म्हणाल्या, “माजा डबा तेवडा रिकामा आला. धुतलेला पन नाय.”

साहेबांचं हेल्मेट इतकं पांढरं होतं की मला ते बघूनच राग यायचा. रिअ‍ॅक्टरवर जाणारी लोखंडी शिडी ते कधी चढल्याचं मी पाहिलं नाही. फोटो काढायचा असला की जवळच्या माणसाचे हातमोजे मागून घालायचे आणि फोटो झाला की परत द्यायचे, तेही आभार मानून. लोकांना या आभारांचंच कौतुक वाटायचं. हो, त्यांना सगळ्यांच्या मुलांची नावं पाठ होती. आमच्या ऑपरेटर दामूच्या मुलीच्या लग्नाला ते थेट मासवणला गेले होते आणि मांडवात खाली पंगतीला बसले होते. मीही तिथे होते. ते दोनदा वरण मागून घेत होते आणि दामू आनंदाने वेडा झाला होता, हे मी नाकारत नाही. म्हणून तर पुढचं मला जास्त लागलं.

दामूची ड्यूटी रिअ‍ॅक्टरवर असायची. एका दुपारी माल तयार व्हायला उशीर होत होता. साहेबांनी प्लँटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला, “दामू, आपण मॅनहोल उघडून बघू या जरा.” दामूने मॅनहोल, म्हणजे रिअ‍ॅक्टरचं वरचं झाकण, उघडलं. आतून वाफ आली आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात मी त्याला विचारलं, साहेब यायची वाट का नाही बघितलीस? तो म्हणाला, “म्याडम, मी वाट बगत बसलो असतो तर तेच वरडले असते, अजून कसं नाय उगडलं म्हनून.”

हेड ऑफिसने चौकशी लावली. तिथे साहेब काय म्हणाले असतील? म्हणाले, “मी त्याला ‘उघड’ म्हटलंच नाही. ‘आपण उघडून बघू या’ म्हटलं. म्हणजे दोघांनी मिळून. मी येईपर्यंत त्याने थांबायला हवं होतं.” इतकी वर्षं व्याकरण धाब्यावर बसवलेल्या माणसाला त्या दिवशी अचानक व्याकरण आठवलं, ‘मी’सुद्धा! माझ्या अंगाची आग झाली. दामूला निकाल लागेपर्यंत घरी बसवलं. तो परमनंट होऊन फार दिवस झाले नव्हते. दोष सिद्ध झाला तर नोकरी जाणार होती आणि मासवणच्या पावसावरच्या शेतीच्या तुकड्यात घर चालण्यासारखं नव्हतं.

त्याच सुमारास आम्हा विभागप्रमुखांना कंपनीने नेतृत्वाचा कोर्स लावला होता, दर शनिवारी पालघरला. शेवटी एक प्रकल्प करायचा होता. आपल्याला आदर्श वाटणारा नेता निवडा आणि नेतृत्वाचे सिद्धांत व एआय वापरून त्याच्या शैलीचं विश्लेषण करा. बहुतेकांनी आपणसाहेबांना निवडलं, कोणी भक्तीने, कोणी पुढची बढती डोळ्यांसमोर ठेवून. मी रागाने निवडलं. माणसांना दिसत नाही ते यंत्राला तरी दिसतं का, बघू म्हटलं.

रविवारी उमरोळीला घरी बसून मी ग्रुपवरचे त्यांचे सगळे आवाजी मेसेज यंत्राला ऐकवले. ते खूश झालं. हा नेता ‘मी’ टाळतो, ‘आपण’ भरपूर वापरतो, हे परिवर्तनवादी आणि सेवाभावी नेतृत्वाचं उत्तम उदाहरण आहे, असं त्याने लिहिलं. सेवाभावी! मी चिडून लिहिलं की बाबा रे, यातलं एकही काम या माणसाने स्वतः केलेलं नाही. लगेच त्याने कोलांटी मारली. “आपलं निरीक्षण अत्यंत मार्मिक आहे. आपण अगदी योग्य मुद्दा मांडलात.” तेही मला ‘आपण’ म्हणायला लागलं! मी लॅपटॉप मिटला आणि मासे साफ करायला बसले. बोंबील चिरताना डोक्यात आलं की यंत्राचा तरी काय दोष. ते कारखान्यात नव्हतं. त्या प्रत्येक ‘आपण’च्या वेळी तिथे कोण होतं, हे सांगू शकणारी माणसं तर सादरीकरणाला माझ्यासमोर बसणार होती.

सादरीकरण आमच्याच कँटीनच्या हॉलमध्ये, कामगारांसमोर झालं. प्रमुख पाहुणे आपणसाहेब. शेजारी हेड ऑफिसचे एचआरचे अधिकारी, दामूची चौकशी करणारेच. माझ्याआधी साहेबांची इतकी स्तुती झाली होती की ते मान खाली घालून संकोचत होते. मी यंत्राचा निष्कर्ष वाचला, टाळ्या पडल्या. मग म्हटलं, आता पुरावे ऐकू या. ‘आपण रविवारी टाकी धुऊन घेऊ या.’ मेसेज वाजला. टाकी कोणी धुतली? मागून आवाज आला, “आमी.” साहेब कुठे होते? “किरकेटच्या बक्षीस समारंभाला.” कोणीतरी हसलं. ‘आपण चिंबोऱ्यांचा बेत करू या’ हा मेसेज नव्हता, पण मंगलाताई न विचारताच उठून उभ्या राहिल्या. “तो माजा डबा.” आता बरेच जण हसले. साहेबही हसले, त्यांना खेळ वाटला असावा.

शेवटी दामूचा मेसेज वाजवला. कोणी हसलं नाही. मी विचारलं, “साहेब, यातल्या कुठल्या ‘आपण’मध्ये आपण स्वतः होतात?”

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. एचआरचे अधिकारी म्हणाले, शेवटचा मेसेज पुन्हा लावा. मी लावला. मग त्यांनी आधीचेही पुन्हा लावायला सांगितले आणि मागच्या रांगेतल्या माणसांना एकेक करून विचारलं. चौकशीत गप्प राहिलेली माणसंही या वेळी बोलली. दामू पुढच्या महिन्यात कामावर परत आला.

साहेबांना शिक्षा झाली असेल असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. त्यांची गुजरातच्या मोठ्या प्लँटवर बढतीने बदली झाली. निरोप समारंभात म्हणाले, “हे सगळं आपण उभं केलं,” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी डोळेही पुसले. जाताना मला म्हणाले, “मॅडम, आपण संपर्कात राहू.” मी राहिले नाही. तेही राहिले नाहीत.

गेल्या आठवड्यात मी घाईत होते. प्लँटवर फोन केला आणि म्हटलं, “दामू, आपण जरा सॅम्पल काढून घेऊ या.”

तो म्हणाला, “या ना म्याडम. मी शिडीपाशी उभा हाय.”

“अरे, मी कशाला?”

“तुमी ‘आपण’ म्हनलात ना.”

मी सेफ्टी गॉगल घेतला आणि निघाले. दामू खरंच शिडीखाली उभा होता. त्या भाजलेल्या हातात हातमोज्यांचे दोन जोड होते. त्यातला एक त्याने माझ्यापुढे धरला.