अप्परची निळी वायर

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, कुलुपं दुरुस्त करतात. किल्लीचे दाते नुसत्या बोटांनी चाचपून ती कुठल्या कुलपाची ते सांगतात, आणि सांगितलेलं चुकत नाही. बोटं अशी, पण डोळ्यांत एक खोट आहे. लाल आणि हिरवा त्यांना एकच दिसतो. निळा, पिवळा, काळा मात्र स्वच्छ ओळखतात. विशीत बसचे ड्रायव्हर व्हायला गेले होते. तपासणीच्या डॉक्टरने ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं आणि पाच मिनिटांत घरी पाठवलं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ताईला लग्नानंतर कळलं, मला ताईकडून, आणि माझ्या पोटात काही राहत नाही म्हणून बाकीच्या घराला माझ्याकडून.

ताईचं अगदी उलट. रंगाच्या दुकानात ती तीस वर्षं शेड मिसळते आहे. गिऱ्हाइकाने भिंतीचा नखाएवढा पोपडा आणला तरी तस्सा रंग डब्यात उतरवून देते. दुकानाचा मालक कुणाचंही ऐकत नाही, पण रंगाच्या बाबतीत ताईला विचारल्याशिवाय डब्याचं झाकण लावत नाही.

त्यांची गाडी अठ्ठावीस वर्षांची आहे. चालवते ताई, दुरुस्त करतात भाऊजी. गॅरेजचं नाव काढलं की त्यांचं तोंड कडू होतं. सेल्फ, वायपरची मोटर, हॉर्नचा रिले, सगळं जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत त्यांनी स्वतः उघडलंय. पद्धत ठरलेली. भाऊजी डॅशबोर्डखाली उताणे, पाय दाराबाहेर, आणि ताई शेजारच्या सीटवर. ते एकेका वायरचं टोक वर करतात, ती रंग सांगते, ते जोडतात. स्वतः बघतच नाहीत. "निळी दिसते ना तुम्हाला, मग तीही कशाला विचारता?" असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "एक बघायची, एक विचारायची, त्यातच घोळ होतो. तिने सांगितलं की संपलं."

यंदा ताईने तक्रार सुरू केली, हेडलाइट मंद झालेत. भाऊजींनी बॅटरी तपासली, बल्ब बदलले, काचा पुसल्या, अर्थिंगचा गंज घासून काढला. प्रत्येक वेळी ताईचं एकच, "आहेत तसेच आहेत." अंधार पडला की गाडी काढायचं तिने बंद केलं. शेवटी भाऊजींनी ठरवलं, दोष हेडलाइटचा झोत वर-खाली करणाऱ्या अप्पर-डिपरच्या स्विचमध्येच असणार. रविवारी सकाळी तो उघडला. आतले पितळी तुकडे खरंच काळवंडले होते. ते घासले, वायरींची जळकी टोकं कापली आणि नेहमीसारखं जोडायला घेतलं. मी वरच्या मजल्यावर राहते, ताईचा आवाज खिडकीतून येत होता. हिरवी. लाल. काळी. काळी. पिवळी.

अप्पर मारला, फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. तिसऱ्याला मी चहा घेऊन खाली उतरले आणि म्हटलं, "भाऊजी, फ्यूज संपवायची पैज लावलीय का?"

एरवी त्यांनी सव्याज परत केलं असतं. आज त्यांनी वायरींचा जुडगा ओढून उन्हात घेतला. अर्थिंगच्या काळ्या वायरींमध्ये एक निळी जोडलेली होती, अप्परची. करंट सरळ बॉडीत जात होता, फ्यूज उडेल नाहीतर काय होईल? भाऊजी त्या निळ्या वायरकडे बघत राहिले. मग ताईच्या समोर धरली.

"ही कुठली?"

"काळी."

"आणि ही?"

"तीही काळीच की."

"पहिली निळी आहे."

ताईच्या नाकावर राग असतोच. "तुम्ही मला रंग शिकवणार?" ती म्हणाली.

बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळलं. तिने माझ्याकडे बघितलं. मलाही भर उन्हात वायर स्वच्छ निळी दिसत होती. ताईने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि सांगायला लागली. आठ महिने झाले. दिवे मंद नव्हतेच, तिला धूसर दिसत होतं. दुकानात तक्त्यावरचे आकडे बघून शेड मिसळायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, तुम्हीच बघा, मनासारखा झालाय ना. कुणाला कळलं तर घरी बसवतील, ही एकच भीती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि या डोळ्यांनी माझ्या पोरांना शाळेत सोडत होतीस?"

"तिला बोलू नकोस," भाऊजी म्हणाले. "मी काय वेगळं केलं होतं?" मग ताईला म्हणाले, "अगं, पण मला लपवायला तू होतीस. तू माझ्या भरवशावर लपवत होतीस होय?"

ताई हसली आणि मग रडली. मीही रडले, हे कशाला लपवू.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला वाढलेला; त्याच्या पिवळटपणातून निळा काळपटच दिसतो. नजर येईल. पण मागच्या पडद्याचं आताच सांगता येत नाही, रंग पूर्वीसारखे दिसतील की नाही ते नंतरच कळेल. ताईने दुकानात स्वतः जाऊन सगळं सांगितलं. मालक म्हणाला, डोळे बरे करून या, मग बघू. त्या 'मग बघू'ने तिचा जीव टांगणीला लागला. आधी उजवा डोळा झाला, महिन्याने डावा. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही.

तेवढे सगळे दिवस गाडी स्विच लोंबकळत उभी. मी म्हटलं, "सांगते ना मी रंग." एक टोक त्यांनी धरलंही. मी मोरपंखी म्हटलं.

"मेहुणीबाई, मोरपंखी नावाची वायर नसते," म्हणाले, आणि पान्हे गुंडाळून ठेवले. पोरं शाळेत चालत गेली.

डॉक्टरांनी मोकळीक दिली त्या सकाळी ताई काळा चष्मा काढून सीटवर जाऊन बसली. मला वाटलं, भाऊजी नेहमीसारखे डॅशबोर्डखाली शिरतील. ते शिरले नाहीत. बाहेर उन्हातच उकिडवे बसले आणि ती एकच वायर तिच्यापुढे धरली.

"घाई नको. नीट बघून सांग."

ताईने बघितलं. "निळी. जरा फिकी पडलीय, पण निळी."

आजवर शेकडो वेळा तिने त्यांना रंग सांगितले होते. ती बरोबर आहे, हे सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"बरोबर," भाऊजी म्हणाले.