मागे बांधलेले हात

माझ्या मुलीचे चित्रकलेचे सर शाळा सुटल्यावर सुकापूरच्या घरी गिऱ्हाइकांसाठी दिवंगतांची चित्रं रंगवतात. वर्गात मात्र त्यांचे हात कायम मागे बांधलेले. मुलांच्या कागदाला ते पेन्सिल लावत नाहीत.

मुलीनं माझ्या वारलेल्या वडिलांचं चित्र काढलं, पक्षाघातानं वाकडं झालेल्या तोंडासकट. मी पट्टीनं मोजलं. डावी कड अर्धा सेंटिमीटर खाली होती.

"सर, भिंतीवर लावायचंय. तोंड तेवढं सरळ करून द्या."

"गिऱ्हाइकांची करतो की सरळ, दादा. पण हिनं आजोबांना पेज भरवलीय ना?"

"रोज."

"मग नाय करायचं."

चित्र लावलं त्या दिवशी सर आले. आईनं पदरानं काच पुसली. मग बाबांच्या जेवणानंतर पुसायची, तशी चित्रातल्या तोंडाची डावी कड पुन्हा पुसली.

सरांनी मागचे हात पुढे घेतले आणि जोडले.