निवडलेले दाणे

शेंगदाण्यात विषारी बुरशी आहे का, हे तपासण्यात तिचा हात धरणारं प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. घरी मात्र सगळे तिला ‘संशयबाई’ म्हणत, कारण नवऱ्याच्या ताटातला घाससुद्धा ती उजेडात धरून बघायची.

त्या दिवशी गोदामातून आलेला नमुना दळायला घेणार, एवढ्यात बहिणीचा फोन आला. आईचं दुखणं पुन्हा उलटलं होतं. कानाला फोन, जिवाला घोर आणि समोर ताटात दाणे. फोन ठेवून तिने ते दळले, तपासले. नमुना अगदी निर्दोष निघाला. तिने लगेच तसं कळवूनही टाकलं.

दुपारी डबा उघडताना तिची नजर टेबलाच्या कडेला गेली. तिथे सुरकुतलेल्या, काळपट दाण्यांची छोटीशी रास होती. बोलता बोलता तिच्या मेल्या हातांनी घरच्यासारखे दाणे निवडले होते! नमुना आला तसाच दळायचा, हे ती सगळ्यांना ओरडून सांगायची.

खोलीत अंधार करून तिने ती रास जांभळ्या दिव्याखाली धरली. दाणे हिरवट चमकले; विषारी बुरशीची हीच खूण.

तिने गोदामवाल्या काकांना फोन लावला. “काका, माल निघाला का हो?”

“कधीच! तुम्ही चांगला म्हणालात, मग थांबतोय कशाला? नातीलाही दिलेत मूठभर. ही काय, बसलीये खात.”

“काका,” ती म्हणाली, “आधी तिची मूठ उघडा.”