देव चालंल, किल्ली न्हाई

पेशंटला आत न्यायच्या आधी तो स्वतःच मशीन व्हायचा. "आदी ठकठकठक. मग टर्रर्र. मग बोअर मारल्यावानी. भ्यायचं न्हाई, हालायचं न्हाई!" पन्नाशी ओलांडलेला टेक्निशियन गाल फुगवून एमआरआय वाजवून दाखवतोय! अंबाजोगाईच्या दवाखान्यात एमआरआयबाहेरच्या बाकावर तुम्ही कधी बसला असाल, तर तुम्हीही पाहिला असेल.

आमच्या हिला एमएस. आपलंच शरीर मेंदूतल्या नसांचं वेष्टण कुरतडतं, असा आजार. पाय बधिर, एका डोळ्यापुढे धुकं. डॉक्टरांनी तिला एका अभ्यासात घेतलं. दरवर्षी मेंदूचे बारीक फोटो काढायचे आणि जुन्या डागांशेजारी नवा उठलाय का ते पाहायचं. नवा उठला, की औषध हरलं.

पहिल्याच वर्षी अडलं. अंगावर धातू नको, आणि ही गळ्यातल्या डबीतलं लिंग काढेना. आम्ही लिंगायत, लिंग अंगावेगळं करायचं नसतं. मी तिथेच तिच्यावर ओरडलो.

"कावून वरडता, अण्णा? धातू तर डबीला हाय." तो डॉक्टरांना विचारून आला. चांदीची डबी काढून ठेवली, लिंग लोहचुंबकापाशी धरून तपासलं आणि पांढऱ्या कापडात गुंडाळून तिच्या मुठीत दिलं. "घ्या अक्का. आता दोगंबी हालू नका."

सोबतीला मी रुबाबात आत निघालो, तर त्यानं तपासणीची दांडी माझ्या कमरेवरून फिरवली. ती केकाटली. करगोट्याला दुकानाची किल्ली! वीस वर्षं तिथेच असते. मला ती अवयवच वाटते.

"अण्णा, देव चालंल, किल्ली न्हाई!"

बाहेरची रांग हसली. हीसुद्धा. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

निकाल त्याला मी दरवर्षी विचारायचो. "ते डॉक्टर सांगतील. मी निस्ता फोटूवाला." पण फोटो जरा हलला वाटला, की पुन्हा घ्यायचा, त्याचा जेवणाचा डबा तसाच निवत पडायचा. "हाललेल्या फोटूत डाग लपतो, अण्णा."

यंदा चौथ्या खेपेला गेलो, तर तो निवृत्त होऊन आष्टीकडे गावी गेलेला. फोटो एका नव्या मुलीनं काढले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चारही वर्षांचे फोटो ओळीनं लावले. "बघा. नवा एकही डाग नाही." मला काहीच दिसलं नाही, चष्मा भिजला होता.

आपली काठी माझ्या हातात देऊन ही बाहेर निघाली. बाकावर युसूफ वडगावची एक आजी मशीनच्या भीतीनं हटून बसली होती. ही तिच्यापुढे उभी राहिली आणि गाल फुगवले.

"आदी ठकठकठक. मग टर्रर्र. मग बोअर मारल्यावानी..."

आजी पदर तोंडाला लावून हसली, आणि उठली.