साळवेमामांचं वाक्य टीव्हीवर गेलं, त्याची गोष्ट

परवा नातीनं टीव्हीवर कुठल्याशा दरोड्याची सिरीज लावली. "आजी, खऱ्या घटनेवर आहे हं!" म्हणाली. मी उठून स्वयंपाकघरात गेले... तिला वाटलं आजी घाबरली. घाबरतेय कसली, लाज वाटली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही पिंपरीत एका चाळीत राहायचो. आमचे हे कंपनीत फिटर आणि नाटकाचं भयंकर वेड. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत बक्षीस काय मिळालं, थेट टीव्हीवरच्या नाटकात बोलावणं आलं! पेपरांत गाजलेल्या एका खऱ्या बँक दरोड्यावरचं नाटक, आणि ह्यांना काम मिळालं बँकेच्या वॉचमनचं.

अहो, काय सांगू! हळदीकुंकवाला बोलवावं तशी मी घरोघरी जाऊन सांगून आले. चाळीत टीव्ही एकच, सुपरवायझरसाहेबांकडे. खोली गच्च भरली, दारात चपलांचा ढीग. शेजारच्या साळवेमामांना तर मी आग्रहानं अगदी पुढे बसवलं...

साळवेमामा ह्यांच्याच कंपनीच्या गेटवर वॉचमन. शिफ्ट सुटली की प्रत्येकाची झडती घ्यायची, डबा उघडून बघायचा, हे त्यांचं काम. पण कुणाला अपमान वाटू नये म्हणून झाकणावर दोन टिचक्या मारायचे आणि विचारायचे, "जेवला का पोटभर?" माणूस हसायचा आणि तेवढ्यात झडती उरकायची.

नाटक सुरू झालं. ह्यांनी एंट्री घेतली आणि खोलीत एकच हशा! तेच एक पाय ओढत चालणं, तसाच कानाला गुंडाळलेला मफलर... "अरे, हे तर आपले मामा!" मामासुद्धा खूश. मांडीवर थाप मारून हसत होते.

मग दरोडेखोर आले. वॉचमन त्यांना सामील होता. त्यानं पाकीट खिशात टाकलं, दार उघडलं, आणि त्यांच्या बॅगेवर दोन टिचक्या मारून म्हणाला, "जेवला का पोटभर?"

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "मामा, तुमचा हिस्सा किती?" आणि सगळे खो खो हसले. मामांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "अगं, मूळ वाक्य अगदी सपक होतं. रिहर्सलला मी हे टाकलं, सगळ्यांना आवडलं..." वाईट हेतू नव्हता हो. पण ज्याची भाकरी इमानावर चालते, त्याचं वाक्य चोराच्या साथीदाराच्या तोंडी घालायचं? अक्कल कुठे गहाण टाकली होती, देव जाणे.

दुसऱ्या दिवसापासून गेटवर चेष्टा सुरू. "मामा, आधी तुमचे खिसे दाखवा!" एक दिवस मामांनी खरंच खिसे उलटे करून दाखवले, मगच डबे बघितले... पुढे रोजच तसं करायला लागले. टिचकी बंद, विचारणं बंद. हे घरी येऊन सांगायचे आणि अर्ध्या ताटावरून उठायचे.

शेवटी मीच ह्यांना ओढत मामांच्या घरी नेलं. हे पाया पडायला वाकले, तर मामांनी वरच्या वर धरलं. "राहू द्या, जाधव. काम झकास केलं तुम्ही. लोकांना खरंच वाटलं, यातच आलं सगळं."

मामींनी ताटं वाढली. पिठलं-भाकरी. नको म्हणायला तोंड होतं कुठे आम्हाला? खाली मान घालून जेवलो.

हात धुवायला उठलो, आणि सवयीनं मामांच्या तोंडून निघून गेलं, "जेवला का पोटभर?"

...आणि ते स्वतःच चपापले. पटकन दाराकडे बघितलं, बाहेर कुणी ऐकून हसतंय का म्हणून. स्वतःच्या घरात, हो!

हे तिथेच, खरकट्या हातानं रडले. मामांनी पाठीवरून हात फिरवला, पण रिटायर होईपर्यंत गेटवर ते वाक्य पुन्हा कधी कुणाला ऐकू आलं नाही.

नातीला कसं सांगू... टीव्हीवर 'खऱ्या घटनेवर आधारित' अशी पाटी आली, की मला दरोडा दिसतच नाही. दाराकडे बघणारे मामा दिसतात.