मागाच्या खोलीची परवानगी

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. विणकरांच्या सभेची, संपाची, मोर्चाची पत्रकं बाबा घरी आणत आणि उरलेल्या पत्रकांत माय सुताच्या कांड्या गुंडाळून ठेवी. हक्क, अन्याय, एकजूट हे शब्द मला बाराखडी संपायच्या आधी येत होते. परवानगी हा शब्द मात्र आमच्या घरात कोणी उच्चारल्याचं आठवत नाही.

भंडाऱ्याच्या विणकर गल्लीतलं आमचं घर विकायचं ठरलं तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. बाबांचे गुडघे गेले होते. खड्डामागावर विणणारा माणूस खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि दिवसभर पायांनी पावड्या दाबतो. संध्याकाळी त्या खड्ड्यातून वर यायला बाबांना माझा हात लागे. लाखनीला हमरस्त्यावर कापडाचं एक दुकान मिळत होतं. दुकानवाला दिवाळीपर्यंत थांबणार होता. तोवर घर विकलं गेलं नाही, तर दुकान दुसऱ्याचं आणि बाबा पुन्हा खड्ड्यात.

गिऱ्हाईक चांगलं होतं. जवाहरनगरच्या कारखान्यातले एक फोरमन, निवृत्तीला आलेले. क्वार्टर सोडावं लागणार म्हणून घर शोधत होते. ते सरकारी कर्ज काढणार होते, म्हणून त्यांच्या ऑफिसला नगरपालिकेनं मंजूर केलेलं बांधकाम हवं होतं. बाबांनी अभिमानानं पेटी उघडून एक कागद माझ्या हातात दिला. मी तो दोनदा वाचला.

"बाबा, ही मागाची नोंद आहे. विणकर सोसायटीची. खोलीची परवानगी नाही."

"शिक्का आहे नं?"

"आहे, पण मागाचा."

"मग माग का आभाळात ठेवतेत? मागाची नोंद झाली म्हंजे खोली आलीच."

माझ्या जन्माच्या वर्षी बाबांनी गल्लीच्या बाजूला मागाची खोली वाढवली होती. तेव्हापासून तो कागद त्यांनी खोलीची परवानगी समजून जपला होता. गल्लीतल्या प्रत्येक पेटीत तसाच कागद होता आणि प्रत्येक घराची समजूतही तीच.

दलालानं उपाय सांगितला. "खड्डा बुजवा, एक गाय बांधा, गोठा म्हणून दाखवा. गोठ्याचा नकाशा कोणी मागत नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माय म्हणाली, "आता पोरगी सभा घेते."

सभा मी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी फोरमन आले तेव्हा ओट्यावरच त्यांना सांगितलं, की पुढची खोली नगरपालिकेच्या कागदावर नाही. ते उठून खोलीत डोकावून आले.

"बेटी, मले हे तू कायले सांगून राहिली? मले कळलं नसतं."

"तुम्हाला नसतं कळलं. मला कळलं असतं."

"दिवाळीच्या आधी मंजुरीचा कागद दाखव. नाही तर मी वरठीले एक घर पाहून ठेवलं आहे."

त्या रात्री जेवताना बाबा मायला म्हणाले, "पत्रकं वाचून घर विकल्या जाते का, विचार तुझ्या पोरीले."

मी अर्ज लिहिला. मला येत होतं तसाच लिहिला. कष्टकऱ्यांचा घाम, नगरपालिकेची झोप, सगळं त्यात होतं. बांधकाम विभागातल्या कारकुनानं तो शेवटपर्यंत वाचला, हे त्याचे उपकार.

"बाई, हा अर्ज आहे का मोर्चा? खोली किती लांब, किती रुंद, कधी बांधली, ते कुठं आहे? रागाची लांबी-रुंदी आम्ही मोजत नाही."

तिथल्याच बाकावर बसून मी दुसरा अर्ज लिहिला. सात ओळींचा. तो पहिल्यापेक्षा चांगला होता, हे मी आजही कबूल करते.

आठवड्यानं ओव्हरसियर टेप आणि जुना नकाशा घेऊन आले. समोरच्या म्हातारीच्या ओट्यावर त्यांनी चहा घेतला, त्याच ओट्याच्या कडेपासून गल्ली मोजली आणि म्हणाले, "भिंत दोन फूट गल्लीत आहे. मंजुरी होणार नाही. पाडावी लागेल."

मी बोलायला लागले. गल्लीची अर्धी माणसं बाहेर आली. माझा आवाज चढत होता आणि ओव्हरसियर टेप गुंडाळत होते. तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, "भाषण झालं असन तर जरा सरक."

त्यांच्या हातात सुताची कांडी होती.

गल्लीच्या दोन्ही टोकांना, आमच्या बाजूच्या कडेला, एकेक दगडी खुंट पुरलेला आहे. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावायची तेव्हा गल्लीभर सूत पसरावं लागतं. त्याला पांजण म्हणतात. पांजण घालण्याआधी या खुंटापासून त्या खुंटापर्यंत एक धागा ताणून कड बांधून घ्यायची, ही गल्लीची जुनी रीत. बाबांनी एका खुंटाला धागा बांधला. शेजाऱ्यांनी कांडी हातोहात पुढे नेली आणि दुसऱ्या खुंटाला ताण दिला.

"साहेब, खुंट आमच्या आज्यांनी पुरले. तुमच्या नकाशात आहेत का पाहा."

ओव्हरसियरांनी नकाशा उलगडला. गल्लीच्या दोन टोकांना दोन ठिपके होते. त्या ठिपक्यांना जोडणारी रेघ म्हणजेच गल्लीची हद्द. ते आमच्या भिंतीपाशी आले, भिंत आणि धागा यांच्यामध्ये त्यांनी हात घातला. आख्खा पंजा मोकळा फिरला. खोली आमच्याच जागेत होती.

"म्हंजे पुढे आला तो हा ओटा," ते मागे वळून म्हणाले.

"चहा पेतानी नाही दिसला तो?" म्हातारी म्हणाली.

गल्ली हसली. ओव्हरसियरही हसले. मी म्हटलं, "आजीचाही अर्ज देते. सात ओळींचा."

मंजुरी एका अटीवर मिळाली. खोलीला खिडकी नव्हती, भिंत फोडून ती काढायची. दिवाळीला आठ दिवस असताना शिक्क्याचा कागद आला. फोरमननी तो आमच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचला आणि वरठीच्या घराला नकार कळवून टाकला. त्या आठवड्यात गल्लीतल्या पेट्या उघडल्या. मागाच्या नोंदीचे कागद घेऊन माणसं रांगेनं आमच्याकडे आली आणि मी अर्ज लिहीत बसले. एकातही घाम किंवा झोप नव्हती.

घर सोडायच्या आदल्या दिवशी बाबांनी मागावरचं शेवटचं लुगडं पुरं केलं. मागालगतच्या नव्या खिडकीतून ऊन थेट काठावर पडलं होतं. वीस वर्षं त्यांनी छपरातल्या एका काचेच्या कवेलूच्या, म्हणजे कौलाच्या, उजेडात विणलं होतं.

"काहून नाही काढली ही खिडकी आधी?" ते म्हणाले.

"कोणाले विचारलंच नव्हतं नं," माय म्हणाली.

लुगडं कापून झालं. मी नेहमीसारखा हात पुढे केला. बाबांनी तो पाहिला, खिडकीची चौकट धरली आणि आपल्या आपण खड्ड्यातून वर आले.