बिनलोकरीचे वीस ट्रे

रोपवाटिकेतल्या त्या बाईला सगळे फौजदार म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे, उलट बरंच वाटे. दूधवाला आला की पातेलं उजेडात धरून बघणार, लाइटचं बिल आलं की मीटर स्वतः वाचणार, आणि सख्खी बहीण खूप दिवसांनी भेटायला आली तरी मनात पहिला प्रश्न हाच, की हिला आता काय हवंय? गिऱ्हाइकानं रोपांचं कौतुक केलं तर हिला वाटे, आता हा भाव पाडणार. आणि खरं सांगायचं तर दहातल्या सात वेळा तो पाडायचाही. खोड जाणार कशी?

रोपं मात्र तिची नंबर एक. टोमॅटो असो, मिरची असो, तीन दिवस गाडीत राहिली तरी मान टाकायची नाहीत. गुपित होतं लोकरीत. मेंढपाळ फेकून देतात ती जाडीभरडी लोकर ती टाकीत भिजवून, कुजवून, बारीक कातरून ट्रेच्या मातीत मिसळायची. लोकर पाणी धरून ठेवते. हे तिला आणि नवऱ्याला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठे हरितगृहवाले मात्र दरवेळी एकच विचारत, "कागद आहे का? कुणी तपासलंय?" कागद नव्हता. मग तिचा माल 'घरगुती' ठरायचा, आणि त्या एका शब्दानं तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

अशात एक दिवस कॉलेजातली मॅडम दारात उभी राहिली. लहान शेती व्यवसायांवर संशोधनासाठी अनुदान निघालंय म्हणाली. "काकू, अर्ज आपण दोघींनी मिळून करू. आधी महिनाभराची छोटी चाचणी हवी. वीस ट्रे तुमच्या मातीचे, वीस बाजारातल्या मातीचे. फरक दिसला की अर्ज भक्कम. मंजूर झाला की तुमच्या मातीला कागद मिळेल."

"आणि तुला काय मिळेल?" फौजदारानं विचारलं.

"मला काम करायला मिळेल," मॅडम हसून म्हणाली.

झालं! हसली ना, तिथंच शंकेची पाल चुकचुकली. फुकट कोण कुणासाठी राबतं? हिला मातीची कृती हवी, दुसरं काय! उद्या ही स्वतःच्या नावानं पोती विकायला बसेल आणि आपण बसू माशा मारत.

म्हणून फौजदारानं काय करावं? चाचणीच्या वीस ट्रेंमध्ये लोकर घातलीच नाही. खत, माती, चाळलेला पालापाचोळा, सगळं घातलं, पण लोकरीचा एक धागा नाही. नवऱ्यानं पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

"अगं, मग फरक दिसणार कसा?"

"दिसेल. माझ्या हाताला गुण आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

महिनाभर मॅडम रोज सकाळी यायची, गुडघ्यावर बसून पट्टीनं रोपं मोजायची, पानं मोजायची, वहीत लिहायची. फौजदार डोळ्यांत तेल घालून तिच्या पाठीशी उभी. मॅडमनं चिमूटभर माती बोटावर घेतली तरी ही लगेच पुढं सरकायची. एकदा तर मॅडमच्या चपलेला लागलेली मातीसुद्धा हिनं फाटकापाशी झटकून घेतली. मॅडम बिचारी "सॉरी काकू" म्हणाली. नवरा लाजून टाकीमागे गेला.

शेवटच्या दिवशी मॅडम दुपारीच आली. चेहरा उतरलेला. पत्र्याच्या शेडमधल्या टेबलावर तिनं अर्ज ठेवला.

"काकू, फरक नाही. दोन्हीकडची रोपं सारखीच. मी तीनदा मोजलं. पाचच्या आत अर्ज पाठवायचाय, पण असे आकडे बघून कोण मंजूर करणार? तरी वाचून घ्या, मग ठरवू."

फौजदारानं चष्मा चढवला. चोरी कुठं लपवलीय ते शोधायचं म्हणून ओळीओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. 'मुख्य संशोधक' या रकान्यात तिचं स्वतःचं नाव होतं. मॅडमचं नाव खाली, 'मदतनीस' म्हणून. बोट आणखी खाली सरकलं. 'मिश्रणाची कृती: मालकिणीची खाजगी. उघड करण्याची गरज नाही. आम्ही फक्त रोपं मोजू.'

तिनं ती ओळ दोनदा वाचली. कानांच्या पाळ्या तापल्या. शेजारी उभा असलेला नवरा हळूच म्हणाला, "सांग तिला."

"त्या ट्रेंमध्ये माझी माती नव्हतीच," फौजदार म्हणाली. "मुख्य वस्तू मी घातली नव्हती. लोकर असते त्यात."

मॅडम म्हणाली, "म्हणजे महिनाभर मी साधी माती मोजली?"

"आकडे बदल की! खरे किती येतात ते मी सांगते ना. अजून तीन तास आहेत."

"नाही काकू." मॅडमनं अर्ज उचलला. "पहिल्याच दिवशी म्हणाला असतात की हे गुपित आहे, विचारू नकोस, तर मी कधीच विचारलं नसतं."

"पुढच्या वर्षी परत करू. खरी माती घालून. तुझी शपथ!"

"करा तुम्ही. अर्ज दरवर्षी निघतात. पण माझ्याबरोबर नको." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर फौजदारानं सव्वाशेर उत्तर दिलं असतं. मॅडमनं फौजदाराच्या नवऱ्याला नमस्कार केला, वही घेतली आणि फाटक नीट लावून निघून गेली.

फौजदार त्या चाळीस ट्रेंपुढं उभी राहिली. सगळी रोपं एका उंचीची, एका रंगाची. कुठली तिची आणि कुठली बाजारातली, हे ट्रेवर चिकटवलेली चिठ्ठी वाचल्याशिवाय तिलाही सांगता येईना.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तिनं खरंच फसवलं असतं ना, तर बरं झालं असतं. भांडायला तरी कुणी असतं."

नवऱ्यानं पाण्याची झारी भरली आणि पहिल्या ट्रेपासून पाणी घालायला सुरुवात केली.